वाटीभर पाणी, थेंबभर रंग

सोलापुरात कापसाचं काय काय होतं, हे सोलापूरकरांना सांगायला नको. १८७७ साली जुनी मिल सुरू झाली, पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या आल्या आणि भोंग्यांवर शहराचा दिवस चालू लागला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, माग मात्र चालू राहिले. जेकार्डवर विणलेली चादर आणि टर्किश टॉवेल या दोन्हींनाही सोलापूरच्या नावानं भौगोलिक मानांकन आहे. पण कापसाचं आणखी एक रूप याच घरांमध्ये आरशापुढच्या फळीवर, बोटभर उंचीच्या काचेच्या बाटलीत असतं आणि त्याला कापूस म्हणून कुणी ओळखत नाही. ते म्हणजे नेलपॉलिश.

रुई काढून घेतल्यावरही सरकीला काही आखूड तंतू चिकटून राहतात. सूत कातायला ते निरुपयोगी, पण ते असतात जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणात ते बुडवले की नायट्रोसेल्युलोज तयार होतं. लाकडाच्या लगद्यापासूनही ते करतात, पण पहिला मान कापसाचा. १८४६ साली श्योनबाइन या रसायनशास्त्रज्ञानं हा शोध जाहीर केला तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्या स्फोटकपणाकडे गेलं. तोफांच्या दारूला पर्याय म्हणून त्याच्याकडे पाहिलं गेलं. आम्लाची प्रक्रिया जरा बेतानं केली तर हाच पदार्थ द्रावकात विरघळतो आणि द्रावक उडून गेला की मागे पारदर्शक, चिवट पापुद्रा राहतो. या पापुद्र्यानं पुढे जग व्यापलं. दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ ज्या फिल्मवर चित्रित झाला ती नायट्रोसेल्युलोजची होती. ती फिल्म किती ज्वालाग्राही असते ते पुण्यानं २००३ च्या जानेवारीत पाहिलं. फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या आगीत राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचा जुना नायट्रेट फिल्मचा मोठा साठा जळून गेला. १९२० च्या दशकात मोटारींना झटपट वाळणारा नायट्रोसेल्युलोजचा रंग देऊ लागले, आणि मोटारीच्या पत्र्यावर बसलेला हा चकचकीत रंग थोड्याच वर्षांत नखांवर आला. १९३२ साली अमेरिकेत रेव्हलॉन कंपनी निघाली ती नेलपॉलिशच विकायला. आपल्याकडे टाटांनी १९५२ साली लॅक्मे सुरू केली.

हे सगळं आधी सांगितलं, कारण या प्रकरणात आपण जो खेळ खेळणार आहोत तो या पापुद्र्याचाच आहे. नखावर ब्रशनं रंग न लावता आधी वाटीतल्या पाण्यावर रंगाचा पातळ पडदा पसरायचा, त्यात टाचणीनं नक्षी काढायची आणि मग बोट बुडवून ती नक्षी नखावर उचलून घ्यायची. याला वॉटर मार्बल म्हणतात. संगमरवरात दिसतात तशा शिरा, लाटा, फुलं नखावर उमटतात आणि दहा बोटांवर दहा वेगळ्या नक्ष्या येतात. ब्रशनं सरळ रेघ काढता न येणाऱ्यालाही हे जमतं, म्हणून मला हा प्रकार नेल आर्टमधला सगळ्यात उदार प्रकार वाटतो.

थेंब पाण्यावर का पसरतो? पाण्याच्या पृष्ठभागावरचे रेणू एकमेकांना घट्ट ओढून धरतात. या ओढीला पृष्ठताण म्हणतात. मिलिन्यूटन प्रति मीटर या एककात मोजला तर पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ भरतो, आणि नेलपॉलिशमधल्या एथिल अ‍ॅसिटेटचा २४ च्या आसपास. हा कमी ताणाचा थेंब पाण्यावर पडला की भोवतालचं पाणी त्याला चारी बाजूंनी आपल्याकडे खेचतं आणि क्षणार्धात त्याची गोल, पातळ चकती होते. पसरताना तिच्यातला द्रावक उडू लागतो. पहिली चकती ओली असतानाच तिच्या मध्यावर दुसऱ्या रंगाचा थेंब सोडला, की तो पहिल्या रंगाला बाहेर ढकलतो आणि त्याचं कडं होतं. तिसरा थेंब दुसऱ्याला ढकलतो. रंग एकमेकांत कालवले जात नाहीत, कारण हा पडदा इतका पातळ आणि इतका दाट असतो की त्याच्यात भोवरे उठत नाहीत. रंग शेजारी-शेजारी सरकतात, एवढंच.

पाण्याच्या पृष्ठभागाची ही ताकद आपल्या घरांत फार आधीपासून वापरली गेली आहे. परातीत पाणी निवळू द्यायचं, त्यावर कोळशाची बारीक पूड फडक्यातून चाळून हलक्या हातानं पसरायची आणि त्या काळ्या थरावर रांगोळी काढायची, ही पाण्यावरची रांगोळी अनेकांनी आजीच्या हातची पाहिलेली असते. सोलापुरात रांगोळीचं कौतुक तसंही मोठं. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या वाटेवर लांबच लांब रांगोळ्या घातल्या जातात. रस्त्यावरच्या रांगोळीत हाताचं वळण कामी येतं, तर पाण्यावरच्या रांगोळीत सगळ्यात मोठी कसोटी धीराची. धक्का लागला, कुणी जोरात शिंकलं, तरी थर फाटतो. वॉटर मार्बलला असाच धीर लागतो, पण वेळ मात्र हाताशी फार थोडा असतो.

या पाण्याच्या कातडीचा पहिला काटेकोर अभ्यासही एका स्वयंपाकघरातच झाला. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात आग्नेस पॉकेल्स नावाची मुलगी राहत होती. जन्म १८६२ चा. तेव्हा तिथल्या विद्यापीठांत मुलींना प्रवेश नव्हता. आजारी आईवडिलांचं करता करता, भांडी घासताना ती पाण्यावरच्या तेलकट थराकडे पाहत राहिली. विशीच्या आतबाहेर तिनं एक पत्र्याचं उथळ भांडं घेतलं, त्यावर सरकणारी पट्टी बसवली आणि पृष्ठभाग आकुंचित केला की ताण कसा बदलतो ते मोजायला लागली. बरीच वर्षं ही मोजमापं तिच्यापाशीच होती. १८९१ साली तिनं लॉर्ड रॅली या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं आणि रॅली यांनी ते ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आणलं. अर्व्हिंग लँगम्यूर यांना १९३२ साली ज्या पृष्ठभाग-रसायनशास्त्रासाठी नोबेल मिळालं, त्याच्या पायात पॉकेल्सबाईंचं हे पत्र्याचं भांडं आहे. खरकट्या भांड्यांच्या पाण्यात विज्ञान पाहणाऱ्या या बाईचं नाव शाळेच्या पुस्तकात असायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं.

आता वाटी घ्यायची. खरं तर वाटीपेक्षा कागदी कप बरा, कारण नेलपॉलिशचा पडदा भांड्याच्या कडेला चिकटतो आणि स्टीलची वाटी मग रिमूव्हरनं घासत बसावी लागते. कपाचं तोंड तीन बोटं रुंद असलं की पुरे. फार रुंद भांड्यात रंग इतका पसरतो की नखावर फिका दिसतो. भांडं वापरायचंच असेल तर ते साध्या पाण्यानं पुन्हा पुन्हा विसळून घ्या. साबणाचा नुसता अंश राहिला तरी पाण्याचा पृष्ठताण आधीच उतरलेला असतो, मग थेंबाला खेचणार कोण? तो आहे तिथेच गोळा होऊन बसतो किंवा तळाला जातो. पहिल्यांदा करणाऱ्यांचा बेत फसतो तो बहुतेक वेळा याच कारणानं, आणि दोष बिचाऱ्या नेलपॉलिशला दिला जातो.

पाणी ना गार, ना गरम. माठातल्या पाण्यात थेंब आखडतो. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी तर हाताला चटका देतं. त्यावर द्रावक इतक्या लवकर उडतो की दुसरा थेंब टाकेपर्यंत पहिला वाळलेला असतो. घरात तास-दोन तास ठेवलेलं पिण्याचं पाणी सगळ्यात चांगलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हा खेळ सकाळी उन्हं चढायच्या आत करावा. पंखा बंद ठेवावा लागतो, तोही त्या वेळी सोसतो. खिडकी मात्र उघडी हवी, कारण वास डोक्यात जातो. मला विचाराल तर याला संक्रांतीचे दिवस उत्तम. हवा थंड, पण बोचरी नाही. थेंब सावकाश वाळतो आणि गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर बांगड्यांच्या दुकानांशेजारी नेलपॉलिशच्या बाटल्यांचे ढीगही लागलेले असतात.

बाटल्या निवडताना नव्या आणि पातळ घ्याव्यात. वर्षभर पडून दाट झालेली पॉलिश पाण्यावर पसरत नाही. जाड चमकी असलेली या कामाला नको. सलूनमध्ये दिव्याखाली वाळवतात ती जेल पॉलिश तर अजिबात चालत नाही; तिचा पापुद्रा द्रावक उडून होत नाही, दिव्याच्या प्रकाशानं तिच्यातले रेणू एकमेकांत गुंफले जातात. साधी नेलपॉलिश नुसती वाळते, म्हणून रिमूव्हर लावला की ती पुन्हा विरघळते. दोन गडद आणि एक उजळ असे तीन रंग पुरतात. सोलापुरी चादरीत असतात तसे एकमेकांना टक्कर देणारे रंग घ्या. फिकट गुलाबीशेजारी फिकट जांभळा ठेवला तर नक्षी दिसणारच नाही.

आधी नखांना बेस कोट लावायचा. लाल-केशरी रंगद्रव्यं थेट नखाला लागली की नख पिवळट पडतं, ते त्यानं टळतं. त्यावर पांढऱ्या नेलपॉलिशचा एक हात. पाण्यावरचा पडदा अगदी पातळ असल्यामुळे खालचं पांढरं त्याला उठाव देतं. हे पूर्ण वाळू द्या. मग नखाच्या तिन्ही बाजूंच्या कातडीला सेलोटेप लावा किंवा ब्रशनं फेव्हिकॉलचा थर देऊन तो पारदर्शक होईपर्यंत थांबा. शेवटी तो सालीसारखा निघतो. व्हॅसलिनही लावतात, पण ते चुकून नखाला लागलं की तिथे रंग धरत नाही.

आता बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवा. पहिला थेंब पाण्याच्या अगदी जवळून सोडा. उंचावरून सोडलेला थेंब बुडतो. दुसरा त्याच्या मध्यावर, तिसरा त्याच्या मध्यावर, मग पुन्हा पहिला रंग. पाच-सहा कडी झाली की थांबा. सगळ्यात बाहेरचं कडं कपाच्या कडेला टेकून वाळलेलं असतं, त्याला हात लावायचा नाही. तिथे टाचणी लावली की पूर्ण पडदा तापलेल्या दुधावरच्या सायीसारखा सुरकुतत येतो. दुसऱ्या कड्यापासून टाचणी हलकेच केंद्राकडे ओढा. टोक बुडवायचं नाही, नुसतं टेकवायचं. चार बाजूंनी चार रेघा आत ओढल्या की चार पाकळ्या होतात. त्यांच्यामधून केंद्रापासून बाहेर चार रेघा ओढल्या की पाकळ्यांना टोकं येतात. प्रत्येक रेघेनंतर टाचणी कागदाला पुसायची. हे सगळं अर्ध्या-पाऊण मिनिटात उरकावं लागतं.

आवडलेल्या भागावर नख आडवं, पाण्याला समांतर धरा आणि सरळ खाली दाबा. आता सगळ्यांची हमखास चूक होते ती जागा. बोट लगेच वर काढायचं नाही. ते पाण्याखालीच ठेवून दुसऱ्या हातातल्या टूथपिकनं पृष्ठभागावर उरलेला पडदा गुंडाळून काढून टाका. तसं न करता बोट वर काढलं तर तो उरलेला पडदा नखावर दुसरा थर म्हणून बसतो आणि नक्षी झाकते. पाणी स्वच्छ दिसलं की बोट बाहेर. नखावरचे पाण्याचे थेंब फुंकून किंवा टिशूच्या टोकानं टिपा, पुसू नका. टेप काढा, कडेचा रंग रिमूव्हरमध्ये बुडवलेल्या इअरबडनं साफ करा. टॉप कोट पाणी पूर्ण सुकल्यावरच लावावा. घाई केली तर आत बुडबुडे अडकतात. उजव्या हाताच्या वेळी मदतीला कुणीतरी लागतं, म्हणून बहिणी-बहिणींनी, मावशी-भाचीनं किंवा वहिनी-नणंदेनं मिळून करावं असं हे काम आहे. एक थेंब सोडते, दुसरी बोट बुडवते.

जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे दहा नखांसाठी दहा कप पाणी ओतून देणं कुणालाच रुचणार नाही, आणि त्याची गरजही नाही. पडदा प्रत्येक वेळी टूथपिकवर गुंडाळून काढला की त्याच पाण्यात दहाही बोटं होतात. ते पाणी शेवटी झाडांना घालू नये आणि रंगाचे गोळे मोरीत सोडू नयेत. कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावेत. आणि देवघरातला दिवा, गॅस, उदबत्ती यांच्या जवळ बाटली किंवा रिमूव्हर उघडू नये. पुण्याच्या आगीत जळाला तो पदार्थ आणि तुमच्या बाटलीतला पदार्थ एकाच कुळातले आहेत.

टेप आणि फेव्हिकॉलनं जागा झाकायची ही युक्ती नवी वाटते, पण सोलापूरपासून शंभरेक किलोमीटरवर ती सतराव्या शतकात विलक्षण उंचीला गेली होती. विजापूरच्या आदिलशाहीत पाण्यावर रंग तरंगवून कागदावर उचलायची अबरी कला होती. त्या काळी सोलापूर आणि विजापूर यांचं नातं किल्ल्याचं होतं आणि सोयरिकीचंही: १५६० च्या दशकात अहमदनगरच्या चांदबिबीचं विजापूरच्या अली आदिलशहाशी लग्न झालं तेव्हा सोलापूरचा किल्ला हुंड्यात गेला. अबरीचे कारागीर साध्या पाण्याऐवजी मेथीच्या दाण्यांचा वगैरे चिकट रस घालून दाट केलेलं पाणी घेत, म्हणजे रंग सावकाश सरकतात. रंगात गुरांचं पित्त मिसळत. पित्त साबणासारखं काम करतं आणि रंगाला पसरायला भाग पाडतं. साबण आपल्या वाटीत शत्रू, तर अबरीच्या रंगात मित्र. फरक एवढाच की तिथे तो रंगात घातला जाई, पाण्यात नव्हे.

इराणात आणि तुर्कस्तानात अशा कागदांचा उपयोग मुख्यतः पुस्तकांच्या आतल्या पानांना आणि हस्तलिखितांच्या कडांना होई. दख्खनच्या चित्रकारांनी एक पाऊल पुढे टाकलं. कागदाचा काही भाग डिंकानं किंवा कापलेल्या कागदानं झाकायचा आणि उघड्या ठेवलेल्या आकारातच अबरी उमटू द्यायची. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये विजापूरचं असं एक चित्र आहे: हाडं निघालेल्या मरतुकड्या घोड्यावर बसलेला एक संन्यासी. अबरीच्या वळ्यावळ्यांच्या शिरांमुळे त्या घोड्याच्या फासळ्या आणि ताणलेली कातडी डोळ्यांपुढे उभी राहते. पाण्यावरच्या रंगाला काय हवं ते करू द्यायचं, पण कुठे करायचं ते आपण ठरवायचं, हा त्या चित्रकारांचा धडा मला फार मोलाचा वाटतो. नखावर तो असा वापरता येतो: एखाद्या नखाचा अर्धा भाग तिरप्या टेपनं झाका आणि फक्त उरलेल्या अर्ध्यावर मार्बल उचला. दहाही नखांवर गच्च नक्षी भरण्यापेक्षा दोन नखांवरची ही अर्धी नक्षी जास्त खुलते.

पाण्यात बुडवल्यामुळे नखांचं नुकसान होतं का, असं विचारलं जातं. नख केराटिनचं असतं, ते पाणी शोषून किंचित फुगतं आणि सुकलं की पूर्ववत होतं. अ‍ॅसिटोनचा रिमूव्हर मात्र नख आणि कातडी कोरडी करतो, तेव्हा नंतर खोबरेल तेल चोळावं. नखांना मधूनमधून श्वास घेऊ द्यावा असं म्हणतात, त्यात तथ्य नाही. नखाला लागणारं सगळं मुळाशी रक्तातून मिळतं. दिसतं ते नख मृत असतं आणि महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकतं. म्हणून तर नखाला लागलेली मेंदी निघत नाही. ती केराटिनमध्ये मुरते आणि नख वाढून कापलं जाईपर्यंत राहते. नेलपॉलिश वर बसते. रोज भाकरी थापणाऱ्या हातावर तिच्या कडा लवकर उडतात, टॉप कोट नखाच्या टोकाखाली किंचित वळवून लावला तर थोडी जास्त टिकते. शस्त्रक्रियेला जाताना मात्र ती काढायला लावतात, कारण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा प्रकाश नखातून जातो आणि गडद रंग त्याच्या आड येऊ शकतो.

घरात लहान मुलं असतील तर ती बोट बुडवायला आधी धावतील. त्यांच्यासाठी मोठ्यांनी शेजारी बसून करायचा एक वेगळा प्रयोग आहे, त्याला रंगाची बाटलीही लागत नाही. पसरट ताटलीत पाणी घ्या आणि काळ्या जाड कागदाचा तुकडा तळाशी बुडवून ठेवा. पाण्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एकच थेंब सोडा. तो पसरला की कागदाचं एक टोक धरून तिरपा वर उचला, म्हणजे पडदा कागदावर येऊन बसेल. पाणी निथळून कागद वाळवा. काळ्यावर हिरवे, जांभळे, सोनेरी पट्टे दिसतील, पावसात रस्त्यावर सांडलेल्या पेट्रोलवर दिसतात तेच. रंगद्रव्य एक कणही नाही. पडद्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. पडद्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागांइतकी असते, म्हणून काही रंग उजळतात आणि काही पुसले जातात. कागद कलता केला की रंग बदलतात. दोन-तीन थेंब टाकले तर पडदा जाड होतो आणि रंग नाहीसे होतात, म्हणून मुलांनी कितीही आग्रह केला तरी एका वेळी थेंब एकच टाकावा.